ब्रीफपासून कुपीपर्यंत: सुरंगीचा सुगंध बांधताना

फोंडा तालुक्यात माझ्या मावसभावाचे चार खोल्यांचे पाहुणेघर आहे. निघताना पाहुण्यांच्या हातावर ठेवायला सुगंधाची एक छोटी कुपी हवी, ती तू करून दे, असे त्याने एका जानेवारीत मला सांगितले, तेव्हा वास कसला हवा असे मी साहजिकच विचारले. "कसला म्हणजे? गोव्याचा," तो म्हणाला. आणखी खोदून विचारल्यावर त्याने समुद्र, काजूची बोंडे, पहिला पाऊस, देवळातला धूप, माडाची सावली आणि फेणी असे सगळे एका दमात मोजून दाखवले आणि "पण भडक नको हं" अशी पुस्तीही जोडली. सुगंधाच्या व्यवसायात ग्राहकाच्या अशा मागणीला ब्रीफ म्हणतात. त्या एका वाक्यापासून प्रत्यक्ष कुपीपर्यंत पोहोचायला आम्हांला चौदा महिने लागले आणि त्यातला पहिला दीड महिना ते वाक्य नीट लिहून काढण्यातच गेला. मी रसायनशास्त्र शिकवतो, सुगंध हा माझा जुना नाद आहे. त्या चौदा महिन्यांत जो क्रम हाताला लागला तो, व्यवसायात हे काम कसे चालते त्याच्या जोडीने, इथे मांडत आहे.

मोठ्या बाजारात ब्रीफ कसे फिरते

दुकानात अत्तर ज्या नावाने विकले जाते त्या कंपनीने ते स्वतः बनवलेले असतेच असे नाही. शानेल, गेर्लां, एर्मेस यांसारख्या मोजक्या घराण्यांकडे स्वतःचे परफ्यूमर, म्हणजे सुगंधाचे सूत्र लिहिणारे लोक, आहेत. बाकीचे ब्रँड आपले ब्रीफ जिव्होदाँ, डीएसएम-फर्मेनिक, आयएफएफ किंवा सिमराइज अशा सुगंध बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवतात. आपल्याकडे १९२२ साली सुरू झालेली एस. एच. केळकर ही कंपनी याच व्यवसायातली. एकच ब्रीफ अनेक कंपन्यांकडे जाते, प्रत्येक जण नमुने सादर करतो, आणि ज्याचा नमुना निवडला जातो त्यालाच पुढे त्या सुगंधाचे कंपाउंड, म्हणजे अल्कोहोल मिसळण्यापूर्वीचे मूळ मिश्रण, विकण्याचा हक्क मिळतो. हरलेल्यांना महिनोन्महिन्यांच्या श्रमांचे सहसा काहीच मिळत नाही. परफ्यूमर आणि ग्राहक यांच्यामध्ये इव्हॅल्युएटर नावाची एक व्यक्ती असते. ती स्वतः सूत्र लिहीत नाही, पण ब्रीफ हातात धरून प्रत्येक नमुना हुंगते आणि तो ब्रीफपासून कुठे ढळला ते परफ्यूमरला सांगते. घरी एकट्याने काम करणाऱ्याला सर्वांत जास्त उणीव भासते ती या माणसाची, त्यामुळे त्याची सोय आधीच करून ठेवावी. माझ्यासाठी हे काम माझ्या पत्नीने केले, कारण तिला माझ्या मेहनतीची अजिबात कणव नाही.

निवड किती साधेपणाने होऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण १९२१ चे आहे. एर्नेस्ट बो याने कोको शानेल हिच्यापुढे १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे नमुने ठेवले, तिने पाचवा उचलला आणि त्या अत्तराचे नावही तेच राहिले.

ब्रीफ लिहून काढणे

"गोव्याचा वास" या शब्दांत मोजता येण्यासारखे काहीच नाही. म्हणून भावाला मी ओळीने प्रश्न विचारले. कुपी कोण वापरणार, अंगाला लावणार की रुमालाला? कोणत्या हवेत? किती तास टिकायला हवी? एका कुपीमागे किती खर्च परवडेल? कोणता वास चुकूनही यायला नको? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, कारण माणसाला काय आवडते हे सांगता आले नाही तरी काय खपत नाही हे तो ठामपणे सांगतो.

खर्चाचे गणित इथेच करावे. १० मिलिलिटरच्या कुपीत साधारण ८.३ ग्रॅम द्रव मावतो, कारण अल्कोहोल पाण्याहून हलके असते. त्यात १५ टक्के कंपाउंड धरले तर ते सव्वा ग्रॅमच्या आसपास होते. कंपाउंडचा खर्च किलोमागे ८,००० रुपये आला तर एका कुपीत १० रुपयांचा सुगंध जातो. काचेची कुपी, फवारणीचे झाकण आणि खोका यांवर त्याहून जास्त पैसे जातात. व्यवसायातल्या ब्रीफमध्ये किलोमागच्या खर्चाची ही मर्यादा स्पष्ट आकड्यात दिलेली असते आणि परफ्यूमरच्या हातात अस्सल गुलाबाचे किंवा चंदनाचे तेल येणार की नाही हे तिथेच ठरते. टक्केवारीही याच वेळी ठरवावी. ढोबळमानाने, सौम्य प्रकारापासून गडद प्रकाराकडे जाताना, कोलोनमध्ये २ ते ५, ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५ आणि ओ द पार्फममध्ये १५ ते २० टक्के कंपाउंड असते.

समुद्र मी पहिल्याच बैठकीत काढून टाकला. समुद्राच्या वाऱ्याचा भास देणारे कॅलोन हे रसायन फायझर कंपनीत १९६६ साली सापडले. ते इतके जोरकस असते की थोडे जास्त झाले तर मिश्रण कलिंगडासारखे वास मारू लागते, शिवाय किनाऱ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या निम्म्या अत्तरांत तोच सूर वाजतो असे माझे मत आहे. नारळही गेला, कारण त्याचा भास देणाऱ्या गॅमा-नोनालॅक्टोनमुळे लोकांना आमची माडाची सावली आठवत नाही, उन्हात फासायचे मलम आठवते. पहिला पाऊस सोडताना मात्र जड गेले. मातीच्या त्या वासाला १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पेट्रिकोर हे नाव दिले, पण कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेली माती देगेत, म्हणजे तांब्याच्या हंड्यात, घालून, तिची वाफ भपक्यातल्या, म्हणजे त्याला जोडलेल्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरवून मिट्टी अत्तर करत आले आहेत. ते घेऊन वेगळे अत्तर होऊ शकते. एका कुपीत पाऊस आणि देऊळ दोन्ही कोंबले की दोन्ही हरवतात.

उरले ते असे लिहिले गेले: "मार्च महिना, सकाळचे सात. देवळाच्या अंगणात नुकताच सडा पडला आहे. पायरीवर बसलेल्या बाईच्या टोपलीत सुरंगीचे वळेसर आहेत. गाभाऱ्यातून कापूर येतो, पण दुरून. स्त्री-पुरुष दोघांनाही चालावा. दमट हवेत गुदमरवू नये. चार तास टिकावा. गोड मिठाईसारखा नको. कंपाउंड किलोमागे ८,००० रुपयांच्या आत." वाचताना डोळ्यांपुढे जागा उभी राहील इतके नेमके आणि प्रत्येक ओळीची पुढे परीक्षा घेता येईल इतके कोरडे, असे ब्रीफ हवे. सुरंगी हे आमच्याकडे मार्च-एप्रिलात मिळणारे सुगंधी फूल, आणि वळेसर म्हणजे त्याचा गजरा. हा कागद मी कामाच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवला.

नाक तयार करणे

सूत्र लिहिण्यापूर्वी घटक ओळखता आले पाहिजेत. सुरुवातीला तीसेक द्रव्ये पुरतात आणि रोज पाचांहून अधिक हुंगू नयेत. प्रत्येकाचे १० टक्क्यांचे द्रावण करावे, कागदी पट्टीचे टोक त्यात बुडवावे, आणि तत्काळ, पंधरा मिनिटांनी, एका तासाने, संध्याकाळी व दुसऱ्या सकाळी असे पाच वेळा हुंगून मनात येईल तो शब्द वहीत लिहावा. इथे मराठी माणसाने पुस्तकी शब्दांमागे लागू नये. कुबट, खवट, करपट, आंबूस, मातट, ओशट, कोंदट, खमंग, उग्र हे आपल्या घरातले शब्द फार नेमके आहेत. फिनाइल ॲसेटिक ॲसिडपुढे मी पहिल्या दिवशी "मधाचे पोळे, पण मागे गोठा" असे लिहिले होते आणि आजही त्याहून बरे वर्णन मला सुचलेले नाही.

शिकवण्याची जुनी आणि अजूनही उपयोगी पद्धत फ्रान्समधल्या ग्रास येथील ज्याँ कार्ल या परफ्यूमरची आहे. विरोधी वासांच्या जोड्या आधी, म्हणजे लिंबू आणि दालचिनी, मग जवळच्या वासांच्या जोड्या, म्हणजे लिंबू आणि संत्रे, अशा क्रमाने तो शिकवत असे. गुरूजवळ बसून शिकायचे असेल तर कनौज येथे १९९१ साली स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र छोटे अभ्यासक्रम चालवते. मुंबईत मुलुंडच्या वझे महाविद्यालयात या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. गोव्यातून जायला मुंबई सोयीची, पण देग-भपका चालताना पाहायचा असेल तर कनौजला पर्याय नाही.

साधनांत कंजुषी करायची नसेल अशी एकच वस्तू आहे: ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा. थेंब मोजून केलेले सूत्र पुन्हा जमत नाही, कारण ड्रॉपर बदलला की थेंबाचे वजन बदलते. काट्यासमोर पंखा बंद ठेवावा, नाहीतर आकडा ठरतच नाही. मे महिन्यात फोंड्यात पंखा बंद करून दोन तास बसणे ही या विद्येची खरी गुरुदक्षिणा आहे. पावसाळ्यात कागदी पट्ट्या दमट होतात आणि त्यांना स्वतःचाच कुबट वास येऊ लागतो, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. हुंगण्याचे काम सकाळी करावे आणि स्वयंपाकघरात मासे तळले जाण्यापूर्वी ते आटपावे.

मधले फूल: सुरंगीचे अकॉर्ड

दोन-चार किंवा दहा-बारा द्रव्ये मिळून जेव्हा एकच वास जाणवतो, आणि त्यातली सुटी द्रव्ये ओळखू येईनाशी होतात, तेव्हा त्याला अकॉर्ड म्हणतात. ज्या फुलाचे तेल सहज विकत मिळत नाही त्याचे अकॉर्ड बांधावे लागते आणि सुरंगी हे तसे फूल आहे. मोठ्या कंपन्या यासाठी झाडावरच्या जिवंत फुलाभोवती काचेचे आवरण घालून तिथली हवा शोषून घेतात आणि यंत्रावर तिचे घटक वेगळे करतात. आयएफएफमध्ये ब्रज मुखर्जी या भारतीय शास्त्रज्ञाने असे जिवंत फुलांवरचे काम मोठ्या प्रमाणावर केले. त्यांच्या कामातली मूळ गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही फुलवालीला ठाऊक असते: झाडावरच्या फुलाचा आणि खुडलेल्या फुलाचा वास एक नसतो. गोव्यातल्या म्हार्दोळच्या जाया, म्हणजे जाईची फुले, संध्याकाळी वेगळ्या आणि सकाळी वेगळ्या लागतात.

माझ्याकडे यंत्र नव्हते, नाक होते. मार्चमध्ये तीन सकाळी मी ताजे वळेसर आणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवले आणि दर अर्ध्या तासाने झाकण उघडून नोंदी केल्या. माझ्या नाकाला सुरंगीत पाच थर सापडले. सर्वांत पुढे मध, त्याला लगटून संत्र्याच्या मोहराचा फुलवास, मग परागासारखी कोरडी पूड, खाली किंचित लाकूड, आणि कळी अजून उमललेली नसेल तर अगदी वर एक ओला, हिरवा कण.

त्यावरून पहिले सूत्र १० ग्रॅमसाठी असे लिहिले. फुलाच्या मऊ अंगासाठी फिनाइल इथाइल अल्कोहोल ३ ग्रॅम. मोकळ्या हवेसाठी हेडिओन २.५ ग्रॅम, हे द्रव्य एडमों रुदनित्स्का याने १९६६ च्या 'ओ सोव्हाज'मध्ये वापरून प्रसिद्ध केले, ते एकटे हुंगले तर जवळजवळ काहीच कळत नाही, पण मिश्रणात घातले की खिडकी उघडल्यासारखे होते. थर एकत्र बांधण्यासाठी बेंझाइल सॅलिसिलेट २ ग्रॅम. लिनालूल १.२ ग्रॅम. लाकूड आणि पूड या दोन्हींसाठी बीटा आयोनोन ०.४ ग्रॅम. संत्र्याच्या मोहरासाठी मिथाइल अँथ्रानिलेट ०.३ ग्रॅम. कोरडेपणासाठी कूमारिन ०.२ ग्रॅम. मधासाठी फिनाइल ॲसेटिक ॲसिडचे १० टक्क्यांचे द्रावण ०.२ ग्रॅम आणि हिरव्या कणासाठी सिस-थ्री-हेक्झेनॉलचे तसलेच द्रावण ०.२ ग्रॅम. जोरकस द्रव्ये नेहमी अशी पातळ करूनच तोलावीत, कारण त्यांचा शुद्ध एक थेंब सगळे मिश्रण बुडवतो.

मॉड, म्हणजे एका वेळी एकच बदल

सूत्राच्या प्रत्येक फेरफाराला मॉड म्हणतात. व्यावसायिक अत्तराचे शेकडो मॉड होतात. माझ्या वहीत अकॉर्डचे अकरा आणि पूर्ण अत्तराचे बारा, असे तेवीस आहेत. नियम एकच, पण तो पाळणे जड जाते: एका मॉडमध्ये एकाच घटकाचे प्रमाण बदलायचे, बदल लहान नव्हे तर निदान दुप्पट किंवा निम्मा करायचा, आणि जुना व नवा नमुना शेजारी ठेवून हुंगायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि वास सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही.

मॉड सु-७ पर्यंत, म्हणजे सुरंगीच्या अकॉर्डच्या सातव्या मॉडपर्यंत, मी स्वतःवर बराच खूश होतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती पट्टी घेऊन मी बाजारातल्या एका वयस्क फुलवालीकडे गेलो आणि काही न सांगता तिच्यापुढे धरली. तिने हातातला वळेसर खाली ठेवला, पट्टी नाकाजवळ न आणता हवेत दोनदा हलवली आणि म्हणाली, "सुरंगी. पूण ताजें न्हय हें, सुकिल्लें." मग टोपलीखालून आदल्या आठवड्यातला एक वाळलेला वळेसर काढून तिने माझ्या हातावर ठेवला. तिचे अगदी बरोबर होते. सुकलेल्या गवताचा वास हा कूमारिनचाच वास आहे, आणि परागाची पूड मिळवण्याच्या नादात मी ते इतके घातले होते की फूल एका आठवड्याने म्हातारे झाले होते. सु-८ मध्ये कूमारिन ०.२ वरून ०.०५ ग्रॅमवर आणले, सु-९ मध्ये हिरव्या कणाचे द्रावण दुप्पट केले, आणि दोन दिवसांनी त्याच बाईने पट्टी हुंगून "आतां कशी" एवढेच म्हटले. इव्हॅल्युएटरची नेमणूक पदवी पाहून करू नये, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले आहे.

ऋतूचे भानही ठेवावे लागते. एप्रिल सरला की सुरंगी संपते आणि मग ताडून पाहायला काहीच उरत नाही, म्हणून अकॉर्ड हंगामातच पक्के केले आणि बाकीची रचना पावसाळ्यावर सोडली.

वर, मध्ये आणि तळाशी

अत्तर तीन टप्प्यांत उलगडते, कारण घटक वेगवेगळ्या वेगाने उडून जातात. लिंबूवर्गीय तेले काही मिनिटांतच निघून जातात, फुले काही तास राहतात, लाकूड आणि कस्तुरीसारखी द्रव्ये दुसऱ्या दिवशीही कपड्यावर सापडतात. माझ्या मिश्रणात सुरंगीचे अकॉर्ड ५५ टक्के, वर बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल १२, वेलदोड्याचे तेल २ आणि कापराचे पातळ द्रावण १, तळाशी लाकडाच्या वासाचे आयसो ई सुपर १४, चंदनाचा भास देणारे सँडलोर ८ आणि कस्तुरीच्या वासाचे गॅलॅक्सोलाइड ८ टक्के असे प्रमाण बसले. कापूर दुरून यायला हवा, असे ब्रीफमध्ये लिहिलेले होते म्हणूनच तो एका टक्क्यावर थांबला. माझ्या मनाप्रमाणे चाललो असतो तर तो पाचावर गेला असता आणि अत्तराचा बाम झाला असता.

पूर्ण अत्तर पट्टीवर तपासून भागत नाही, ते त्वचेवर आणि चालत्या अंगावर तपासावे लागते. आमच्या हवेत घाम आणि ओलावा यांमुळे वास लवकर पसरतो आणि गोड द्रव्ये चिकट वाटू लागतात. एका मनगटावर एक याप्रमाणे दिवसाला दोनच नमुने लावावेत. नाक थकले की कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूची स्वच्छ त्वचा हुंगावी आणि बाहेर फिरून यावे. काही माणसांना ठरावीक कस्तुरी-द्रव्ये मुळीच जाणवत नाहीत, त्यामुळे "मला काही येतच नाही" असे कोणी म्हटले तर वाद न घालता आणखी दोघांना विचारावे.

दोन मॉडमध्ये खरोखर फरक आहे की तो आपल्या मनाचा खेळ आहे, हे ठरवायला त्रिकोणी चाचणी करावी. तीन पट्ट्या घ्याव्यात, दोन एका मॉडच्या आणि एक दुसऱ्याची, त्यांवर कोणताही अर्थ नसलेले तीन अंकी क्रमांक घालावेत आणि वेगळी कोणती ते विचारावे. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक जण बरोबर सांगेल. सहा जणांत पाच बरोबर आले तर फरक खरा धरावा. चारांवर विसंबू नये. माझे मॉड २१ आणि २२ या चाचणीत सारखेच ठरले, तेव्हा मी स्वस्त होते ते ठेवले.

सुरक्षिततेचे गणित

हा भाग नवशिके टाळतात आणि तिथेच खरा धोका असतो. सुगंधद्रव्यांच्या वापराच्या मर्यादा इफ्रा ही १९७३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. २०२३ मध्ये तिच्या मानकांची ५१वी सुधारणा आली. त्वचेवर लावायचे अल्कोहोलयुक्त अत्तर तिच्या वर्गवारीत चौथ्या गटात येते. मर्यादा दिलेली असते ती तयार मालातली, कंपाउंडमधली नव्हे, आणि गोंधळ इथेच होतो. उदाहरणार्थ, सालीतून दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात ऊन लागताच त्वचा भाजवणारे घटक असतात, म्हणून त्याची मर्यादा ०.४ टक्के आहे. कंपाउंड १५ टक्के वापरायचे असेल तर ०.४ ला ०.१५ ने भागावे. उत्तर येते २.६७, म्हणजे कंपाउंडमध्ये ते तेल २.६७ टक्क्यांहून जास्त चालणार नाही. मी १२ टक्के घातले होते, जवळजवळ साडेचार पट. ती कुपी मानेवर फवारून कोणी दुपारी किनाऱ्यावर गेले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. उपाय सोपा निघाला: बर्गाप्टेन हा त्वचा भाजवणारा घटक काढून टाकलेले बर्गमॉट बाजारात मिळते, ते घेतले. शिवाय माझ्या सूत्रातली लिनालूल, कूमारिन आणि बेंझाइल सॅलिसिलेट ही तिन्ही द्रव्ये युरोपच्या ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहेत, त्यामुळे ती नावे खोक्यावर छापायचे ठरले. प्रत्येक द्रव्याबरोबर विक्रेत्याकडून त्याचे सुरक्षा-पत्रक मागून घ्यावे. जो देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नये.

अल्कोहोल, मुरवणे आणि माझी केशरी बाटली

गोव्यात हे काम करणाऱ्याला कोणीतरी हमखास सांगतो की फेणी वापर. फेणीत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के आणि बाकी बहुतांश पाणी असते. त्यात कंपाउंड घातले की मिश्रण ताकासारखे पांढरे होते, आणि फेणीचा स्वतःचा वास सुरंगीला जागाच ठेवत नाही. अत्तराला ९५-९६ टक्के शुद्धतेचे, पिण्यास अयोग्य केलेले इथाइल अल्कोहोल लागते आणि ते बाळगायला अबकारी खात्याचे नियम लागू होतात, त्यामुळे आधी चौकशी करूनच घ्यावे. सॅनिटायझरचे स्पिरिट चालत नाही. अल्कोहोल मिळेपर्यंत सराव जोजोबा तेलात किंवा न गोठणाऱ्या (फ्रॅक्शनेटेड) खोबरेल तेलात करता येतो. वास कमी पसरतो, पण मिश्रण कळते.

मिसळणे वजनानेच करावे. २० ग्रॅमच्या नमुन्यासाठी ३ ग्रॅम कंपाउंड आणि १७ ग्रॅम अल्कोहोल. कंपाउंड आधी आठवडाभर एकटे मुरू द्यावे, मग अल्कोहोलमध्ये अंधारात निदान तीन-चार आठवडे. पहिल्या दिवशी नाकाला टोचणारा अल्कोहोलचा सूर या काळात मवाळ होतो. शेवटी बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून, तळाशी गढूळपणा आला तर थंड असतानाच गाळून घ्यावे.

टिकाऊपणाची चाचणी म्हणजे चार बाटल्या: एक ४० अंश सेल्सिअसवर, एक खिडकीच्या उन्हात, एक फ्रिजमध्ये आणि एक कपाटात, तुलनेसाठी. एक ते तीन महिने दर आठवड्याला रंग आणि वास नोंदवायचा. माझ्या मॉड १६ मध्ये मी गोडव्यासाठी तळाला अर्धा टक्का व्हॅनिलिन घातले होते. दुसऱ्या आठवड्यात ४० अंशांवरची बाटली पिवळी झाली, पाचव्या आठवड्यात ती गडद केशरी होती आणि उन्हातलीही तिच्या मागोमाग निघाली होती. वासही जड झाला होता. कारण पुस्तकात होते आणि मला ते वर्गात शिकवताही येत होते, पण स्वतःच्या बाटलीत दिसेपर्यंत आठवले नाही: मिथाइल अँथ्रानिलेट हे अमाइन आहे, व्हॅनिलिन अल्डिहाइड, आणि हे दोघे भेटले की शिफ बेस नावाचे रंगीत संयुग तयार होते. पांढऱ्या कुर्त्यावर तो डाग कायमचा राहिला असता. व्हॅनिलिन काढले, गोडवा सँडलोर थोडे वाढवून भागवला, आणि "मिठाईसारखा नको" ही ब्रीफमधली ओळही आपोआप पाळली गेली. पावसाळ्याचे दीड-दोन महिने मात्र फुकट गेले.

भरणी आणि परवाना

स्वतःसाठी अत्तर करणे वेगळे आणि लोकांना देणे वेगळे. अत्तर हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी किंवा वितरणासाठी ते बनवायला परवाना लागतो, आणि पाहुण्यांना फुकट वाटणे हेही वितरणच. भावाला हे पटवायला पुन्हा एक आठवडा गेला. शेवटी परवाना असलेल्या एका उत्पादकाकडून आम्ही माल करून घेतला: सूत्र, घटकांची यादी आणि मर्यादांचा हिशेब मी दिला, मिसळणे, मुरवणे व भरणी त्यांनी केली. पहिला घाणा ताब्यात घेण्यापूर्वी माझ्याकडच्या पक्क्या नमुन्याशी त्रिकोणी चाचणी घेतली, आणि ती प्रत्येक घाण्याला घ्यावी, कारण द्रव्याचा पुरवठादार बदलला तरी वास हलतो. अल्कोहोलयुक्त अत्तर ज्वालाग्राही माल म्हणून यूएन १२६६ या क्रमांकाखाली येते, म्हणून ते साध्या पाकिटातून विमानाने पाठवता येत नाही. पाहुण्यांना कुपी सामानात कशी न्यायची ती एक ओळ आम्ही खोक्यावरच छापली.

प्रत्येक घाण्याच्या दोन कुप्या तारीख आणि क्रमांक घालून अंधाऱ्या कपाटात राखून ठेवाव्यात. आमच्या पहिल्या घाण्याच्या कुप्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आल्या. त्यातली एक घेऊन मी सकाळी सातला बाजारात गेलो, फुलवालीकडून दोन ताजे वळेसर विकत घेतले आणि कुपी तिच्या मनगटावर फवारली. तिने एकदा मनगट हुंगले, एकदा टोपली, आणि वळेसराचे पैसे मात्र पूर्ण घेतले.